वासन

घरात आम्ही म्हणतो वासन.
नाकाला जे येतं ते सगळंच,
ताजं, शिळं, करपलेलं.
तिसरीत डबा पुढे करून मी विचारलं होतं,
"बाई, शेंगाचटणीची वासना येते का?"
मागचे बाक हसले.
बाईंनी हवेतच बोट फिरवलं,
चुकून पडलेला काना पुसावा तसं.
तेव्हापासून मराठीत तो काना
मी जपून वापरते.

आता अकरावीला केमिस्ट्री शिकवते.
फळ्यावर षटकोन, षटकोनात गोल.
ॲरोमॅटिक.
तौफिक बागवान, पहाटे पेरूच्या पाट्या उतरवून
थेट वर्गात येणारा, उभा राहतो:
"मॅडम, मग डांबरगोळीला पण सुगंध म्हणायचं?"

त्याचं असं आहे, मी सांगते,
नाव ठेवलं तेव्हा समोर बदाम होते, लवंग होती.
पाळण्यात चेहरा बघून ठेवतात तसं ठेवलं.
मग मूल वाढलं. असं निघालं की
खरी खूण वासाची नव्हेच,
कड्यातले इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसतात, ही आहे.
वास सुटला, नाव राहिलं.

चाचणीत त्याने दोन गुणांसाठी लिहिलं,
"वास गेला तरी जे आडनाव बदलत नाही ते."
मी अर्धा गुण दिला,
पेपर मात्र घरी घेऊन आले.

साखर पेठेत आमचं घर.
आई खलबत्त्यात चटणी कुटत असते.
जिऱ्यात कडं आहे, आई. जिरं दोन्हीकडून पास,
तुझ्या नाकात आणि माझ्या पुस्तकात.
लसणात कडं नाही, त्याचा सगळा जोर गंधकावर,
ज्याच्या नावातच गंध
आणि माझ्या धड्यात ज्याला जागा नाही...
"मीठ बघ," आई म्हणते.

नॅप्थॉल काढायला सोपं.
दोन षटकोन, मधली भिंत एकच,
पेठेतल्या घरांसारखे.
नान्ना एकतीस वर्षं त्याच्या हौदावर होते,
अक्कलकोट रोडच्या डाइंगमध्ये.
सुताच्या लडी पांढऱ्या जायच्या, लाल यायच्या.
कोपरापर्यंतचा हात पाहून
आम्ही ओळखायचो आज कुठली ऑर्डर होती.

एका सकाळी दूध करपलं.
घरभर धूर, आणि ते शेगडीशेजारी
पेपर वाचत बसलेले.

मराठीत म्हणतात, अमक्याला त्याचा गंधही नाही,
म्हणजे माहीत नाही.
नान्नांना सगळं माहीत होतं.
कुठला लाल तिसऱ्या धुण्यात उतरेल,
कुठला मालक दिवाळीत हात आखडेल.
फक्त गंध नाही.

निवृत्तीनंतर शेंगदाणे तेच भाजतात. कानाने.
तडतड दबली की म्हणतात, "आता."
आई लांबूनच नाक वळवते आणि गॅस बंद करते.
एकदा शेजारच्या लग्नाचा बँड वाजत होता,
त्यांचं "आता" उशिरा आलं.
आईने नाक वळवलं, थांबली,
आणि त्यांच्या "आता"ची वाट बघत राहिली.
ती चटणी कडू होती.
"खमंग झालीय," आई म्हणाली.
आम्ही तिघांनी ती संपवली, भाकरी जास्त घेऊन.

आजही कुटून झालं की ते खलबत्त्यावर वाकतात,
सवयीने, डोळे मिटून.
मग मला विचारतात,
"वासन वस्तुंदा?"
येते, नान्ना.
"कशी?"

इथे मी अडते.
घमघमाट, दरवळ, खरपूस,
माझ्याकडचे सगळे शब्द नाकवाल्यांचे.
कडं काढून दाखवू का पाटीवर?

"लाल," मी म्हणते. "पण पहिल्या पाण्याचा नाही.
लडी दुसऱ्यांदा बुडवून
उन्हात टाकायच्या आधी दिसतो, तो."

ते जरा वेळ गप्प राहतात.
"मग लसूण जास्त पडलाय," म्हणतात.

आणि खरंच पडलेला असतो.